देवमनभाऊंचं भाकीत

बुधवारच्या प्रार्थनेत शेवटी सगळे डोळे मिटून म्हणायचे, "प्रभू येशू, लवकर ये." तेवढ्यापुरते माणिकबाईचे ओठ मिटायचे. प्रभूनं यावं, तिची काय ना होती? पण आधी विपुलनं यावं. तसं तिनं प्रभूला सांगूनही ठेवलं होतं.

विपुल तिचा एकुलता एक. इस्रायलात, हैफा शहरी, एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची सेवा करायचं काम त्याला एजंटानं मिळवून दिलेलं. चार वर्षं झाली. इकडे अकोल्यात माणिकबाई साड्यांना फॉल-पिको करायची आणि मशीन थांबलं की फोनकडे बघायची. पोराची इतकी आठवण यायची की कधी कधी तिला त्याचाच राग यायचा.

तिकडे लढाई पेटली आणि देवमनभाऊंना नुसता हुरूप चढला. देवमनभाऊ म्हणजे प्रार्थनागटाचे पुढारी, एसटीचे रिटायर कंडक्टर. बायबलातली भविष्यवाणीही तिकीट फाडल्यासारखी वाटायचे. हा घ्या यहेज्केल, हा घ्या दानीएल, ही आजची बातमी, सरका पुढे! "पाहा, सगळं लिहिल्यापरमानं होऊन राहिलं! प्रभू आता येतेच!"

माणिकबाई भडकली. "भाऊ, तुमाले भविष्यवाणी दिसते. मले थ्या आगीखाली माहं पोरगं दिसते. खुश काहून होऊन राहिले तुमी?"

भाऊंचा चेहराच पडला. माणूस मनाचा मऊ हो! शरमेच्या भरात त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलून बसले, "माणिकबाई, देवानं मले दाखवलं. नाताळाले विपुल घरी राहीन." सगळ्यांनी हालेलुया केलं. बुडत्याला काडीचा आधार! माणिकबाईनं गादी पिंजून घेतली, अनारशाचे तांदूळ भिजवले, आणि पोरगं येऊन राहिलं म्हणून अख्ख्या गल्लीत सांगत सुटली.

नाताळ आला. विपुल नाही, विपुलचा फोन आला. "आई, हल्ल्याचा भोंगा वाजला का या म्हाताऱ्या आबाले उचलून तळघरात न्या लागते. त्याले दुसरं कोणीच नाही. तो हाय तोवर मी कसा येऊ?"

"बरं बेटा," म्हणून तिनं फोन ठेवला. आणि तिच्या मनात आलं, मरत काहून नाही हा म्हातारा! आलं आणि ती आपल्याच मनाला घाबरली.

देवमनभाऊ त्या दिवसापासून तोंड लपवून बसले. प्रार्थनेलाही येईनात. शेवटी तीच त्यांच्या घरी गेली.

"मी खोटा संदेष्टा निघालो, बाई," ते म्हणाले. मांडीवर बायबल उघडंच होतं. "यिर्मया संदेष्ट्याच्या काळी हनन्या असाच खोटं बोलला. दोन वर्षांत परमुलखात नेलेले सगळे बंदिवान घरी येतील म्हणे."

"आन यिर्मया काय म्हणे?"

"तो पहिले म्हणे, आमेन, देव तसंच करो. त्यालेही वाटतच होतं नं! पण मंग खरं थे थ्या बंदिवानांले लिहून धाडलं. सत्तर वर्षं लागतील. तिथंच घरं बांधा, मळे लावा. मी तुमाले ज्या शहरात धाडलं, त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा."

"सत्तर! म्हणजे मागं राहिलेल्या मायांनी पोरं पाहिलीच नसतील?"

"नसतील."

माणिकबाईनं उघड्या पानावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मी धाडलं, असं देव म्हणते? तसंच लिहिलं हाय?"

"तसंच हाय."

"मले वाटे, एजंटानं धाडलं."

भाऊंना हसावं की रडावं कळेना. माणिकबाईनं मात्र डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"बापा," ती म्हणाली, "थ्या म्हाताऱ्याले आयुष्य दे. लय वर्षं जगव त्याले."

आपण काय मागितलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. पदर तोंडात कोंबून ती ओक्साबोक्शी रडली, पण मागितलेलं तिनं परत घेतलं नाही.