अध्यक्ष शेवटी बोलतात

आमच्या मुलुंडच्या वाचनालयात दर महिन्याला एका रविवारी संध्याकाळी एखाद्या पुस्तकावर वाचकांची मतं ऐकण्याचा कार्यक्रम असतो. कुणीही यावं, तीन मिनिटं बोलावं, मग वडा आणि चहा. तीन मिनिटं हे आपलं म्हणायला. हातात माईक आला की आमच्याकडच्या भल्याभल्यांचं घड्याळ बंद पडतं.

त्या महिन्यात पुस्तक होतं एक पोलिसी थरारकादंबरी. नाव बदलून गुन्हेगारांच्या टोळीत शिरलेला एक इन्स्पेक्टर, मुखपृष्ठावर पिस्तूल, त्यामागे पेटलेली गाडी. एरवी आमच्या वाचनालयात आत्मचरित्रं आणि प्रवासवर्णनं यांना मागणी. पण या पुस्तकासाठी सगळ्यांनी नंबर लावले होते. तोंडाने 'टाइमपास आहे हो' म्हणायचं आणि पिशवीत लपवून घरी न्यायचं, असा सगळा प्रकार. आमच्या चिटणिसांना वाटलं, पोलिसांवरची कादंबरी आहे, तर अध्यक्षही पोलिसांतलाच हवा. म्हणून ते आमच्या घरी आले आणि अप्पांना अध्यक्षपद देऊन गेले.

अप्पा म्हणजे माझे वडील. पोलिसांतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच राहत होते. नोकरीतला त्यांचा बराच काळ साध्या वेशातल्या ड्युटीत गेला, एवढं आम्हाला माहीत. त्यापलीकडे घरात चकार शब्द नाही. लहानपणी मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा काय करतात, तर मी 'सरकारी नोकरी' सांगायचे, कारण आईने तसं सांगून ठेवलं होतं. भिंतीवर मात्र एक प्रशस्तिपत्र होतं. ट्रॉम्बेला चोरीच्या डिझेलची एक टोळी पकडली, त्याबद्दलचं. त्या कामासाठी अप्पा गणपतीनंतर घरातून गेले ते दिवाळी उलटल्यावर आले. तिथे ते म्हणे पिंपं चढवणारा मजूर होऊन राहिले होते.

ती दिवाळी मला आठवते. भाऊबीजेला आत्या, म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, भांडुपहून ताट घेऊन आली. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. आई नुसतं 'ड्युटी, ड्युटी' करत होती. भाऊ नसला तर चंद्राला ओवाळतात, म्हणून शेवटी आत्या गॅलरीत गेली. बीजेची कोर समोरच्या पाण्याच्या टाकीमागे जायच्या आत तिने निरांजन फिरवलं आणि तिथेच रडायला लागली. मला तेव्हा चंद्र ताटात काय घालणार याचीच काळजी पडली होती.

तर अध्यक्ष झाल्यामुळे अप्पांनी कादंबरी वाचायला घेतली. पेपर आणि पंचांग सोडलं तर अप्पांनी काही वाचलेलं मी पाहिलं नव्हतं. पण ही वाचली. जेवताना वाचली, दात घासायच्या आधी वाचली. संपली तेव्हा पुन्हा मागची पानं उलटत बसले.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"त्या बाईचा काय झाला मगे?"

कुठली बाई, ते मला आठवेना. पुस्तकात टोळीतल्या एकाची बायको आहे. नायकाला जेवायला वाढते, भाऊ म्हणते. शेवटी गोळीबार होतो, नायकाला पदक मिळतं, आणि लेखक त्या बाईला साफ विसरून जातो. वाचताना मीही विसरले होते. अप्पा विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची भाषणाची तालीम सुरू झाली. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत असायचे आणि हे बाल्कनीत कुंड्यांसमोर उभे. "सन्माननीय व्यासपीठ," म्हणायचे आणि थांबायचे. "व्यासपीठावर मीच एकटो ना गो? मग सन्माननीय कोणाक म्हणू?" मला हसू यायचं. उभ्या जन्मात सत्यनारायणाच्या पूजेतही चार वाक्यं न बोललेला हा माणूस. पण हुरूप असा, की मला त्यांची गंमत वाटायची आणि जरा भरूनही यायचं.

पुढचं मात्र शुद्ध मराठीत, सावकाश आणि दर वेळी तसंच. "मी पोलीस म्हणून नाही, वाचक म्हणून बोलणार आहे. या कादंबरीतल्या एका बाईबद्दल लेखक पुढे काही सांगत नाही. तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. मीही अशा एका घरात जेवलो आहे. ट्रॉम्बेला. त्या घरच्या मालकावरच आमची नजर होती. मला कोणी नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. भाऊबीज आली. त्याच्या बायकोने माझ्यासाठी पाट मांडला."

इथे ते थांबायचे. रोज इथेच.

"पुढे?" मी आतून ओरडायचे.

"पुढचा थंयच, हॉलात."

ट्रॉम्बेच्या छाप्याची गोष्ट अर्धी भिंतीवर लावलेली होतीच. त्या घरच्या मालकाला पकडलं असणार, हेही उघड होतं. पण पाटावर बसल्यावर काय झालं? यांनी तिच्या ताटात काय घातलं? नंतर तिला कळलं का, की आपण ओवाळलं तो कोण होता? कळल्यावर ती काय म्हणाली? एवढी वर्षं माझ्या बापाने हे पोटात ठेवलं होतं आणि आता ते त्यांना सांगायचं होतं. मला नाही, हॉलमधल्या खुर्च्यांवर बसलेल्या परक्या माणसांना. आधी मला याचा रागच आला. मग वाटलं, असू दे. कुठेतरी सांगतायत ना.

म्हणून मी चिटणिसांना मुद्दाम गाठलं. म्हटलं, "अप्पांना सुरुवातीला बोलू द्या. त्यांना खरंच सांगण्यासारखं आहे."

चिटणिसांनी मी त्यांना चप्पल घालून देवघरात जायला सांगितल्यासारखा चेहरा केला. "अहो, अध्यक्षांना आधी बोलायला लावायचं? आजवर असं कधी झालेलं नाही. अध्यक्षांनी शेवटी बोलायचं असतं. मान आहे तो!"

रविवारी अप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. हॉलमध्ये पंखे गरगरत होते, तरी घामाच्या धारा. स्वागत झालं, अप्पांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. शाल काढली तर वाईट दिसेल म्हणून ते ती तशीच लपेटून बसले. मग मतं सुरू झाली.

निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक बाई पहिल्यांदा उठल्या. कादंबरीतल्या शिव्यांवर त्यांनी कडाडून टीका केली, आणि उदाहरणादाखल बऱ्याचशा शिव्या पृष्ठक्रमांकासह वाचून दाखवल्या. शेवटच्या रांगेतले लोक तेवढ्यापुरते जागे झाले. मग बँकेतले एक काका. त्यांचं म्हणणं, नायक एवढ्या मारामाऱ्या करतो पण त्याला एकदाही साधी मलमपट्टी लागत नाही, हे काही पटत नाही. आमच्या साहेबांचा नुसता अंगठा मुरगळला होता तर... आणि पुढे त्या साहेबांचा अंगठाच चालला. आयटीतली एक मुलगी म्हणाली, "मला तर झकास वाटली. एका बैठकीत संपवली. पण हिरोची बायको काय यार नुसती वाट बघत बसते!" तिचं मत सगळ्यात चांगलं होतं आणि ती वेळेत थांबली, म्हणून तिला टाळ्या कमी पडल्या. एका गृहस्थांनी पुस्तक वाचलं नव्हतं. तरीही गुप्त पोलीस या विषयावर ते शिवाजी महाराजांच्या हेरखात्यापासून सुरू झाले.

एवढी माणसं बोलली, पण त्या जेवायला वाढणाऱ्या बाईचा उल्लेख कुणी केला नाही. मी लक्ष ठेवून होते. अप्पाही ठेवून होते. प्रत्येक वक्ता उठला की ते जरा पुढे झुकायचे, आणि तो बसला की मागे टेकायचे. सगळं आपल्यासाठीच शिल्लक राहिलंय याचं त्यांना बरं वाटत असावं.

सातनंतर हॉल भजनी मंडळाला दिलेला असतो. गृहस्थ आग्र्याहून सुटकेपर्यंत पोचले तेव्हा दाराशी टाळ आणि पखवाज घेऊन माणसं उभी राहिली. मागून वड्यांचा वास आला. खुर्च्या सरकायला लागल्या. चिटणिसांनी गृहस्थांना कसंबसं बसवलं आणि म्हणाले, "वेळेअभावी आता आपण थेट अध्यक्षीय समारोपाकडे वळू या. अध्यक्षांना विनंती, की थोडक्यात."

अप्पा उठले. शाल सावरली. दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मानेने 'बोला, बोला' केलं.

"सन्माननीय..." ते म्हणाले आणि थांबले. "सर्वांनी चांगली मतं मांडली. लेखकाने मेहनत घेतली आहे. वेळ बराच झाला आहे. बाहेर मंडळी ताटकळली आहेत. मी जास्त वेळ घेत नाही. धन्यवाद."

त्या संध्याकाळच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या अप्पांना पडल्या. लोक वड्यांकडे धावले. "अध्यक्ष असावा तर असा!" कुणीतरी माझ्याशेजारी म्हणालं. मला त्याच्या अंगावर चहा ओतावासा वाटला.

घरी येताना त्यांच्या एका हातावर शाल, दुसऱ्या हातात नारळ. मी फणफणत होते. "दोन मिनिटं त्या भजनवाल्यांना थांबवलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"देवाचा नाव घेवक इलेले ते. त्यांका थांबवचा?"

"मग मला सांगा. आत्ता, चालता चालता. पाट मांडला, पुढे?"

अप्पांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "घरात सांगण्यासारखा असता, तर तुझ्या आयशीक नसता सांगितला? जावंदे गो." ते रागावलेले नव्हते. तेच मला जास्त लागलं. पुस्तकाचं निमित्त होतं, समोर ओळख नसलेली माणसं होती, तेवढ्या आडोशाने ते बोलू शकले असते. पुन्हा असा आडोसा कुठून आणायचा?

पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या फळ्यावर वृत्तांत लागला. वाचकांची मतं सविस्तर, अंगठ्यासकट. शेवटी एक ओळ: अध्यक्षांनी समयोचित समारोप केला. मी चिटणिसांशी भांडले. ते बिचारे खरंच ओशाळले. म्हणाले, अप्पांचं स्वतंत्र व्याख्यान ठेवू, दिवाळीनंतर नक्की. मी घरी येऊन सांगितलं. अप्पा 'बरां' म्हणाले, आणि दोन दिवसांनी मला बाल्कनीतून पुन्हा 'सन्माननीय व्यासपीठ' ऐकू आलं.

दिवाळीच्या आधीच त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. म्हणजे आवाज आहे, बोलण्याचे चढउतार तेच आहेत, मध्येच श्वास घेणंही तेच. पण जे बाहेर पडतं ते ना मराठी, ना मालवणी, कुठल्याच भाषेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना स्वतःला आपण नीटच बोलतोय असं वाटत असतं. आम्ही चुकीच्या वेळी 'हो' म्हणालो की त्यांच्या कपाळाला आठी पडते. मग त्यांनी हळूहळू बोलणंच कमी केलं.

भाऊबीजेला आत्या आली. आता तीही काठी घेऊन चालते. मी पाट नको म्हटलं, खुर्ची ठेवली. ताटात घालायचं पाकीट मी आधीच अप्पांच्या हातात देऊन ठेवलं होतं. आत्याने टिळा लावला, ओवाळलं आणि ताट पुढे धरलं. अप्पांनी पाकीट घातलं नाही. ते हातात धरून ते निरांजनाकडे बघत राहिले, आणि बोलायला लागले.

इतकं बोलताना मी त्यांना आजारपणात ऐकलं नव्हतं. तोच सावकाश आवाज, बाल्कनीतला. मध्येच वाकून त्यांनी फरशीवर तळहाताने चौकोन दाखवला. पाट. म्हणजे इथवर मला माहीत होतं, आणि ते थांबले नाहीत, पुढे गेले. दाराकडे बोट केलं. कुणीतरी दारात उभं असल्यासारखं, खूप वेळ. आवाज अगदी खाली गेला, दोन-तीनदा एकच काहीतरी म्हणाले, विचारल्यासारखं. मग रिकामी ओंजळ पुढे केली आणि मिटून घेतली. मी डोळे फाडून त्यांच्या ओठांकडे बघत होते. एक शब्द, एखादं नाव, काहीतरी हाती लागेल म्हणून. या वेळी ना घड्याळ होतं, ना दारात कुणी टाळ घेऊन उभं होतं. ते पूर्ण बोलले. आणि त्यातलं एक अक्षर आम्हाला कळलं नाही.

बोलून झाल्यावर ते आमच्या दोघींकडे बघत थांबले. आत्या ताट हातात धरून घाबरून माझ्याकडे पाहत होती. मी टाळ्या वाजवल्या. माझं बघून आत्यानेही ताट खाली ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या.

अप्पांनी हात जोडले. मग वाकून पाकीट ताटात ठेवलं.