मेमरीच्या पट्टीवरचा अंगठा

मंडळी, या ग्रुपवर कॉम्प्युटरवाले बरेच आहात, म्हणून दुपारपासून डोक्यात बसलेलं सांगून टाकतो.

काल विश्वकर्मा पूजा. आमच्या प्लांटमध्ये मशिनींची होते, तशी आईने माझ्या नव्या, घरीच जोडलेल्या कॉम्प्युटरची केली. आज सुरू केला, तर दर दहा मिनिटांनी पडदा निळा आणि कॉम्प्युटर बंद.

आत मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्या आहेत. एकेक लावून पाहिली. पहिलीवर नीट चालतो, दुसरीवर लगेच बंद पडतो. दुसरी उजेडात धरली, तर तिच्या सोनेरी दातांवर कुंकवाचा रुंद ठसा!

मी चिडलो. "आई, आतमंधी कावून लावलं?"

"मी तं फक्त डब्ब्याले लावलं. तो उघडते कसा, हेच मले मालूम नाही."

खरं होतं. पूजेच्या आधीच चारही स्क्रू मी आवळले होते, आणि आज मीच उघडले.

आईने पट्टी हातात घेतली आणि ठसा निरखून पाहिला. "हा तं अंगठा हाय."

आमच्या घरी सगळे अनामिकेने कुंकू लावतात. अंगठ्याने फक्त बाबा लावायचे. लहानपणी गावाकडे कडबा कापताना त्यांची अनामिका गेली होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली.

कॉम्प्युटर एकाच पट्टीवर चालवून हे लिहून राहिलो. दुसरीचे दात खोडरबरने घासले की तीही चालेल, मला ठाऊक आहे. खोडरबर तासभर हातातच आहे.

तुम्ही पुसलं असतं?