विनोद तपासायला: उल्हासनगर ते बदलापूर

शालिनी दयानंद मोरे, तुझ्या वाक्यांवर आक्षेप आला आहे.

अनेक हौशी माणसांनी मिळून लिहिलेल्या ऑनलाइन प्रवासमार्गदर्शिकेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हे पान तू लिहिलेस. अंतरे व वेळा मी तपासल्या; हसवण्याचे खाते तुझे होते. तू गेल्यानंतर त्या पानाला कोणी हात लावला नव्हता. गेल्या महिन्यात निखिल नावाच्या तरुण स्वयंसेवकाने चर्चापानावर अत्यंत नम्रपणे लिहिले, "वाचक माहितीसाठी येतो. मोरेबाईंचे विनोद छान आहेत, पण वाटेत येतात." प्रयोग म्हणून त्याने विनोद वगळलेली आवृत्ती लावली आणि माझे मत मागितले.

मी कळवले की प्रत्यक्ष जाऊन येतो. विनोद काढल्याने माहिती कमी होत असेल तर तो राहील. होत नसेल तर मी स्वतः तो काढीन. हा शब्द देऊन बसल्यावर मात्र धास्ती वाटली. तुझ्या हातचे चार लोकांसमोर आहे ते एवढेच. सायबर कॅफेतून जुन्या आवृत्तीची छापील प्रत काढून घेतली आणि पुण्याहून सकाळची गाडी पकडली.

पहिला मुक्काम उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून हे शहर उभे राहिले, त्यामुळे इथल्या भागांना आजही कॅम्प एक, कॅम्प दोन असेच म्हणतात. तू लिहिले होतेस, "कॅम्प म्हणतात म्हणून तंबू शोधू नयेत. तंबू उठले, माणसे बसली." वाक्य सुरेख आहे, पण उतरायचे कोणत्या स्थानकावर ते त्यात नाही. मला दाल-पकवानच्या न्याहारीसाठी कॅम्प एकला जायचे होते, म्हणून कल्याणला गाडी बदलून मी सरळ उल्हासनगर स्थानकावर उतरलो.

"कॅम्प एक? और उतरे इधर?" रिक्षावाला म्हणाला. "काका, शहाडला उतरायचं ना. किसने बोला इधर?"

"माझ्या पत्नीने लिहिलेले वाचून आलो."

"तो भाभी को फोन लगाओ. बोला, रिक्षाचं भाडं तुम्हीच द्या."

"ते शक्य नाही."

"रुसलीय?"

मी छापील प्रत खिशात घालून रिक्षात बसलो. त्याने आरशातून एकदा पाहिले आणि पुढे रस्ताभर शहाड स्थानक कसे जवळ पडते, हे फार आस्थेने समजावून सांगितले. तेव्हा वाचकहो, कॅम्प एकसाठी कल्याणहून कसारा मार्गाची गाडी घेऊन शहाडला उतरावे. शालिनी, वाक्य राहील. पण त्याच्या पाठीला ही माहिती जोडावी लागेल.

दाल-पकवानाविषयी तुझा इशारा होता, "शर्ट पांढरा असू नये." माझा पांढराच होता, नेहमीप्रमाणे. पकवान म्हणजे मैद्याची कडक, मोठी पुरी. ती मोडून घट्ट डाळीत बुडवायची. मी शिस्तीने मोडायला गेलो आणि ती स्वतःच्या मताने मोडली.

"अंकल, नॅपकिन लो," गल्ल्यावरचे सिंधी गृहस्थ शांतपणे म्हणाले. "सफेद शर्ट का और दाल का पुराना झगड़ा है."

हा इशारा निव्वळ माहिती आहे. कायम. न्याहारी स्वस्त आणि पोटभर होते. मात्र लवकर जावे, कारण दहानंतर डाळ उरेल याची खात्री तेही देत नाहीत.

दुपारी अंबरनाथ पूर्व. स्थानकावरून शिवमंदिरापर्यंत रिक्षा सहज मिळते. आपण दोघे तिथे पूजेसाठी कधी गेलो नाही. दगडातले काम पाहायला मात्र पुन्हा पुन्हा गेलो. बाहेरच्या भिंतींना निवांत वेळ द्यावा. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. त्याविषयी तुझे वाक्य: "देव वर असतो असे मानून आलेल्यांनी आधी गुडघ्यांचा सल्ला घ्यावा." निखिलच्या आवृत्तीत केवळ "गाभारा प्रेक्षणीय" असे आहे. माझ्यापुढे एक वृद्ध बाई पायऱ्यांच्या तोंडाशी थबकल्या आणि मुलाला म्हणाल्या, "हे आधी सांगायचंस ना रे." तू सांगितले होतेस. हेही कायम.

जवळच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीबद्दल तू लिहिले होतेस, "इथे आनंद पाळी सुटल्यावर मिळतो." मी फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेत पाळी सुटेपर्यंत थांबलो. माणसे डबे हलवत, एकमेकांची टर उडवत बाहेर पडली. वाक्य खरे होते. मी हसलोही. परंतु प्रवाशाला त्यातून काही कळत नाही. शब्दाप्रमाणे ते मी काढले. चहा संपल्यावर, छापील प्रतीवर, एका सरळ रेघेने.

संध्याकाळी बदलापूर. गावाच्या कडेला हिरामावशी आपल्या घराच्या माडीवर दोन खोल्या पाहुण्यांना देतात. पूर्वी भातशेती होती, आता थोडी आहे. भाड्यातच जेवण धरलेले असते. आधी फोन करावा.

"एकलेच आलांव, भाऊ?" त्यांनी विचारले. "बायचा समजला मना. चला, पयले जेवा."

तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वर भात. "जेवण मागावे लागत नाही, नको म्हणावे लागते, आणि ते ऐकले जात नाही," हे तुझे वाक्य मी तीन भाकऱ्यांनी पडताळून पाहिले.

माडीवर गेलो तर दाराची मूठ नव्हती. तिच्या जागी सुतळीचा फास होता.

"मूठ कशाने गेली?"

"परवा एक पावना आला," मावशी म्हणाल्या. "म्हनं, इंटरनेटवर लिवलंय, दार जोर लावून वढा. त्यानं वढला. मूठ हातात घेऊन खाली आला आन् मना इचारतो, मावशी, ही कुठं ठेवू?"

ते वाक्य निखिलच्या आवृत्तीतले होते. दार फुगलेले आहे आणि ओढल्याशिवाय कुलूप लागत नाही, हे खरेच आहे.

"पयले काय लिवलेलं? तवा कोनी मोडली नाय."

मी खिशातून प्रत काढून वाचले: "कुलूप लावताना दार आपल्याकडे ओढून किंचित वर उचलावे. बळ किती? रुसलेल्या नवऱ्याला ताटावर आणून बसवण्याइतकेच."

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बरोबर हाय. जास्त वढला त आखीन रुसंल."

त्या रात्री मला उत्तम झोप लागली.

दुसऱ्या दिवशी पुण्यास परतलो. चर्चापानावर लिहिले की विनोदाने माहितीची जागा घेऊ नये, हे निखिलचे म्हणणे मान्य. परंतु काही माहिती अशी असते की तिचे माप विनोदातच सांगता येते. शहाडची भर घातली, आनंदनगरचे वाक्य वगळले, मुठीची हकीकत कळवली. निखिलचे उत्तर तासाभरात आले: "काका, बाकी सगळं परत लावलं. मावशींना सांगा, मूठ माझ्याकडून." पान आता जवळपास तुझ्या हातचेच आहे. मी ते दोनदा वाचले आणि मग चहा केला.

एक नोंद राहिली. बदलापूरहून निघताना सुतळी धरून मी माडीचे दार आपल्याकडे ओढले आणि किंचित वर उचलले. बळ किती, हे मला प्रत पाहून ठरवावे लागले नाही. इतकी वर्षे ते माझ्यावरच वापरले गेले होते. कुलूप लागले. चाव्या हिरामावशींच्या हातात परत दिल्या.