विरजण आणि लॅपटॉप

खण आवरताना जुनी हार्ड डिस्क हाती लागली. सौंदडला घरून काम करायचो तेव्हा ती दिवसभर घरघरायची आणि लॅपटॉप तव्यासारखा तापायचा. थंडीत दही लागत नसे, म्हणून आई विरजणाचं भांडं टॉवेलात गुंडाळून लॅपटॉपला चिकटवून ठेवायची आणि मला तो बंद करू द्यायची नाही. मग मी गोंदियाहून तिच्या जागी आवाज न करणारी, न तापणारी एसएसडी बसवून आणली. घरघर थांबली, तापणंही थांबलं. सकाळी भांड्यात नुसतं दूध. आईनं लॅपटॉपवर हात ठेवून पाहिला. "काऊन रे, हा थंडा पडून राहिला? बिमार हाय का?" "नाही, आता चांगला झाला," मी म्हणालो. "चांगला झाला, त दही कायले नाही लागला?" आज ती डिस्क मी परत खणात ठेवली. आता घरात कसलाच आवाज नसतो, आईचाही नाही, आणि दही पिशवीतलं येतं.