पिंजारी चौकीदार

विमान येणार असलं की सत्तारभाई खिशातून कापसाचा पुंजका काढायचे, चिमटीत पिंजायचे आणि धावपट्टीच्या कडेला उभे राहून हवेत सोडायचे. तो कुठे जातो ते डोळे बारीक करून बघायचे. मग मला सांगायचे, "आज हवा दारव्ह्याकडून हाय, साहेब."

मी यवतमाळच्या त्या लहानशा विमानतळाचा प्रभारी होतो. प्रभारी म्हणजे एक खोली, एक बिनतारी संच आणि दारावर माझ्या नावाची पाटी. पाटी मी पदरमोड करून बनवून घेतली होती. सत्तारभाई चौकीदार. मूळचे दिग्रसचे, पिढीजात पिंजारी. फोमच्या गाद्या आल्या आणि त्यांचं पिंजण खुंटीला लागलं. बारा वर्षं ते रोजंदारीवर होते. कायम करण्याची त्यांची फाइल वरच्या कार्यालयात पडून होती आणि निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

ती कापसाची वाईट वर्षं. कापसाला भाव नव्हता, पण कापसाचं दुःख बघायला येणाऱ्यांची विमानं मात्र वाढली होती. अशा पाहुण्यांसमोर चौकीदाराने कापूस उडवणं मला शोभेना. "दिशा दाखवायला खांबावर कापडी बोंगा आहे. नियमात तोच बसतो," मी बजावलं.

"हवा नियम नाई वाचत, साहेब. अन् त्या पायजम्याची कडी गंजून राह्यली. ग्रीस पाह्यजे." ग्रीस त्यांनी दोनदा मागितलं. मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो. महिन्याच्या नोंदवहीत मात्र "ग्रीस दिले" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

आणि एका दुपारी बोंगा अडकला. विमान घिरट्या घालत होतं. सत्तारभाई धापा टाकत खिडकीशी आले. "साहेब, हवा फिरली! उगवतीकडून हाय आता!" मी खिडकीतून बोंग्याकडे पाहिलं आणि भारदस्त आवाजात वैमानिकाला कळवलं, "वारा पश्चिमेचा."

पाठीवर वारा घेऊन उतरलेलं विमान धावपट्टी संपली तरी थांबेना. शेवटी गवतात नाक खुपसून उभं राहिलं. कुणाला खरचटलंही नाही. पाहुण्यांचा पांढरा सदरा तेवढा चहाने भिजला.

दोन दिवसांत पत्र आलं : जबाबदार कोण ते कळवा. कागदोपत्री बोंग्याची देखभाल चौकीदाराकडे. सत्तारभाईंचं नाव लिहिलं की मी सुटत होतो आणि त्यांची फाइल कायमची बंद होत होती. तेवढा नीच मी नव्हतो. नाव न लिहिता सुटण्याइतका मात्र होतो. "वाऱ्याने अकस्मात दिशा बदलली, लोखंड गंजले, दिलेले ग्रीस पुरले नाही," असा खुलासा मी तयार केला आणि मोठ्या औदार्याने सत्तारभाईंना वाचून दाखवला.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "चांगलं लेह्यलं. यात हवा हाय, लोखंड हाय, ग्रीस हाय. तुमी कुठीच दिसून नाई राह्यले."

मला राग आला. नंतर इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. तो कागद फाडला आणि नवा घेतला. ग्रीस मी दिलं नाही, नोंद खोटी केली, चौकीदाराने सांगूनही ऐकलं नाही, एवढं लिहायला मला अख्खी दुपार लागली. मला ठपका मिळाला आणि बढती तीन वर्षं लांबली. सत्तारभाई कायम झाले. आभार मानायला काही ते आले नाहीत. मी मात्र पंधरा दिवस वाट बघत होतो.

मागच्या वर्षी ते गेले. मातीला मी दिग्रसला गेलो. त्यांचा थोरला मुलगा तिथे मोटारी दुरुस्त करतो. आम्ही कधी भेटलो नव्हतो. मी नाव सांगताच त्याने माझे दोन्ही हात धरले.

"अब्बा नेहमी सांगे तुमचं," तो म्हणाला. "साहेब लय भित्रे होते म्हणे. पण लेहून देल्लं."