इंद्रजितचा ताण मोजला तेव्हा

कपाशीच्या त्या वाईट वर्षांत इंद्रजित तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोस्टमार्टमच्या खोलीत कामाला होता. फवारणीचं औषध पिऊन मेलेली माणसं तोच धुवायचा, शिवायचा. त्याला तिथून बदली पाहिजे होती. साहेब म्हणाले, "कर्मचाऱ्यांचा ताण मोजायले यवतमाळहून मॅडम येऊन राह्यली. जास्त निघाला तर पाहू."

निशिगंधा मॅडमनं खोलीच्या दाराशीच विचारलं, "झोप लागते?"

"पडल्याबरोबर लागते."

"मनातलं कोणापाशी बोलता?"

"रोज बोलतो." त्यानं बंद दाराकडे मान वळवली. "त्याईच्यापाशी. बाहेर कोनी जवळ बसत नाई, वास येते म्हन्तेत."

मॅडमचा पेन थांबला. "ते... काही म्हणतात?"

"अजून नाई. पन आताशा मी मधात थांबतो. म्हनलं, एखाद्याले बोलायचं असन."

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. पण छापील प्रश्न एवढाच होता, मन मोकळं करता का? करतो. मग पूर्ण गुण! सगळ्या दवाखान्यात सर्वांत कमी ताण इंद्रजितचा निघाला. आग लागो असल्या मोजमापाला. बदली नामंजूर.

"तू तं पहाड निघाला बे!" साहेब हसले.

दुपारी स्ट्रेचरवरून नवा माणूस आला. इंद्रजितनं दार आतून लावलं, बादली भरली. "भाऊ, बदली नाई झाली," तो म्हणाला आणि थांबला. बराच वेळ थांबला.

बाहेर व्हरांड्यात मेलेल्याची बायको बसली होती. तिला आतून इंद्रजितचा आवाज आला.

"हो ना भाऊ. बरोबर बोलला तू."