मार्ता, आमचा दुपारचा क्लास आणि ग्लासगोचं इंग्लिश

मार्ता गेली.

या देशात मला पहिली नोकरी देणारी बाई. वय झालं होतं, झोपेतच गेली. सकाळी तिच्या मुलीचा, लूसचा, फोन आला. आम्ही दोघी आधी रडलो आणि मग जुनं काहीबाही आठवून हसत बसलो.

तुमच्यातले बरेच जण तिला ओळखत नाहीत, म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. ह्यांची वॉटफर्डला हॉस्पिटलमध्ये नोकरी. मी पुण्याहून इंग्लिशमध्ये एम.ए. करून आलेली, आणि जिथे जाईन तिथे "सॉरी, यूके एक्स्पीरियन्स नाही" ऐकून घरी बसलेली.

एका मैत्रिणीने सांगितलं, साउथ लंडनमध्ये एका चर्चच्या हॉलमध्ये लॅटिन अमेरिकन लोकांचा क्लास चालतो, त्यांना इंग्लिशची टीचर हवीय.

गेले. दारात एक ठेंगणी, लालभडक लिपस्टिक लावलेली बाई उभी.

"स्पॅनिश येतं?"

"नाही."

"छान! म्हणजे तुझ्याशी इंग्लिशच बोलावं लागेल सगळ्यांना. सोमवारपासून ये."

झाला माझा इंटरव्ह्यू.

मार्ता कोलंबियात शाळेत शिकवायची. इथे पहाटे ऑफिसं साफ करायची. क्लासला येणारे बहुतेक तसेच. कोणी बोलिव्हियाचं, कोणी इक्वेडोरचं. पहाटे आणि संध्याकाळी क्लीनिंग, म्हणून आमचा क्लास भर दुपारी.

मार्ता स्पॅनिशमधून समजावून सांगायची, मी इंग्लिशमधून बोलून घ्यायचे. ग्रामर कमी, कामाचं जास्त. टायपिंग, फूड हायजीन, फोनवर कसं बोलायचं, इंटरव्ह्यूला कसं बसायचं.

सरावासाठी दोन बंद पडलेले फोन होते. पडद्यामागे बसून मी खडूस मॅनेजर व्हायचे. एका बोलिव्हियन कुकने माझं नुसतं "हॅलो" ऐकून रिसीव्हर खाली ठेवला.

"ही बाई मला नोकरी देणार नाही," म्हणाला.

पोटं धरून हसलो होतो सगळे.

हळूहळू कोणी नर्सरीत लागलं, कोणी हॉटेलच्या रिसेप्शनवर. मार्ता मात्र अजून पहाटे बादली आणि मॉप घेऊन निघायची.

मग एका हॉस्पिटलला स्पॅनिश बोलणाऱ्या पेशंटसाठी इंटरप्रिटर हवी होती. अख्खा क्लास तिच्या मागे लागला. आम्हाला इंटरव्ह्यूला पाठवतेस, आता तू जा!

गेली.

दुसऱ्या दिवशी केक घेऊन आली.

"मिळाली?" मी ओरडलेच.

"नाही. पण केक आधीच करून ठेवला होता. आता खायला नको?"

खाता खाता तिने सांगितलं. "पॅनलवरचा मुख्य माणूस स्कॉटिश, ग्लासगोचा. त्याचा एक शब्द कळेल तर शपथ! मी आपली सगळ्याला येस म्हणत गेले. शेवटी त्याने अगदी सावकाश विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? मी म्हटलं येस. आणि गप्प बसले."

हॉल हसून हसून लोळला. तीही.

सगळे गेल्यावर आम्ही खुर्च्या आवरत होतो. तेव्हा म्हणाली, "सुनंदा, तिकडे मी हेडमिस्ट्रेस झाले असते गं. इथे मला साधं 'पुन्हा सांगा' म्हणता आलं नाही."

आणि रडली. मी तिला रडताना तेवढंच पाहिलं.

घरी येऊन ह्यांना सांगत होते. ह्यांचे चुलतभाऊ दिनूभाऊजी जेवायला आले होते. तेही डॉक्टर. ग्लासगोत आयुष्य गेलेलं, नुकतेच लंडनला बदलून आलेले. मराठी अजून सदाशिव पेठेतलं, इंग्लिश मात्र अस्सल ग्लासगो.

"अगं, मग मला ने की!" भाऊजी म्हणाले. "माझी बडबड ऐकायला माणसं आयती मिळतायत, सोडतो का मी?"

मग काय, सुट्टीच्या दिवशी भाऊजी क्लासला यायला लागले. पेपर वाचून दाखवायचे, प्रश्न विचारायचे. पहिल्या दिवशी मार्ताने माझ्या कानात विचारलं, "हे इंग्लिशच बोलतायत ना?"

भाऊजींनी एकच नियम घातला होता. "कळलं नाही तर येस म्हणायचं नाही. माझे पेशंट हेच करतात. मान डोलवतात, घरी जातात आणि गोळ्या चुकीच्या घेतात."

मार्ता एकदम गंभीर झाली. "मीपण डॉक्टरकडे हेच करते," म्हणाली.

काही महिन्यांनी तीच जागा पुन्हा निघाली. पॅनलही तेच, ग्लासगोवालेही तेच.

या वेळी तिला बरंच कळत होतं. पण मध्येच त्यांनी एक लांबलचक प्रश्न टाकला आणि सगळं डोक्यावरून गेलं. मार्ताने हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"सर, मला कळलं नाही. जरा हळू सांगा. नाही कळलं तर परत विचारीन. तुमच्या पेशंटसाठीसुद्धा मी हेच करणार आहे. कळल्याशिवाय कोणाला येस म्हणू देणार नाही."

ते गृहस्थ हसले म्हणे. आणि प्रश्न अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून विचारला.

नोकरी मिळाली!

नव्वदच्या दशकात ती त्या हॉस्पिटलमध्ये अशी काही मुरली की विचारू नका. घाईतले मोठे मोठे कन्सल्टंट तिला वचकून असायचे.

"पेशंट येस म्हणाल्यात ना?"

"म्हणाल्यात. समजलेलं नाही. बसा, डॉक्टर."

आणि डॉक्टर बसायचे!

दुपारी वेळ मिळेना म्हणून तिने क्लास शनिवारी घेतला, पण बंद पडू दिला नाही. त्याच क्लासच्या अनुभवावर मला पुढे कॉलेजमध्ये पर्मनंट नोकरी लागली. रेफरन्स अर्थात मार्ताचाच.

शुक्रवारी फ्युनरल आहे. लूस म्हणाली, "काळं घालून कोणी आलं तर आत घ्यायचं नाही, असं आई बजावून गेलीय. आणि म्युझिक मोठ्यांदा लावायचंय."

मी केशरी पैठणी काढून ठेवलीय. इस्त्रीही झाली.

मार्ता, तू भेटलीस म्हणून मी या देशात रमले. फार मजा आली गं तुझ्याबरोबर.

सुखाने जा. भरल्या मनाने निरोप.